स्वतःपुरती तंबाखू

फ्रान्सच्या कॅले बंदरातून निघालेली आगबोट सुमारे दीड तासात इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरला लागते. मोटारी एकीमागून एक धक्क्यावर उतरतात. सुटी संपवून परतणारी कुटुंबे, मागल्या बैठकीवर पेंगुळलेली मुले, आणि कपड्यांच्या पेटीखाली सिगारेटींचे खोके, असे दृश्य श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. जकातीचा अधिकारी काच खाली करावयास लावतो आणि विचारतो, ही तंबाखू कोणासाठी? प्रश्न साधा वाटतो. परंतु त्याच्या उत्तरापायी माल तर गेलाच, वर मोटारही सरकारजमा झाली, असे प्रसंग कित्येकांवर आले आहेत.

इंग्लंडात तंबाखूचे आणि जकातीचे नाते फार जुने आहे. पहिल्या जेम्स राजास धूम्रपानाचा मोठा तिटकारा. १६०४ साली त्याने तंबाखूविरुद्ध एक पुस्तिका लिहिली, आणि त्याच वर्षी रत्तलामागे २ पेन्स असलेली जकात ६ शिलिंग १० पेन्सवर नेली. लोकांचे व्यसन सुटले नाहीच. चोरट्या आयातीस मात्र बरकत आली. निर्बंध वाढले की सज्जनही नकळत गुन्हेगार ठरतो, याचा अनुभव प्रत्यक्ष अर्थशास्त्राच्या जनकास आला. ॲडम स्मिथ १७७८ साली स्कॉटलंडच्या जकात मंडळावर नेमला गेला. निषिद्ध मालाची यादी त्याने चाळली, तेव्हा आपल्याच अंगावरील गळपट्टे नि हातरुमाल त्या यादीत मोडतात असे त्यास दिसून आले, आणि ते त्याने जाळून टाकले! जकातखात्यातील इतका प्रामाणिक मनुष्य विरळाच म्हणावयाचा.

प्रवाशास थोड्या मालाची सूट देण्याची वहिवाट व्यवहारातून आलेली आहे. प्रत्येकाची पेटी उपसून चार पाकिटांवर जकात घ्यावयाची म्हटले, तर मिळणाऱ्या पैशापेक्षा खोळंबाच अधिक. म्हणून माणशी २०० सिगारेटी, म्हणजे वीस-वीसची दहा पाकिटे, हा आकडा अनेक देशांत रूढ झाला. यात मोजणी आहे, मनाची परीक्षा नाही. ती परीक्षा १९९३ साली आली.

त्या वर्षीच्या १ जानेवारीस युरोपातील सामाईक बाजारपेठ अस्तित्वात आली. एका देशात कर भरून घेतलेली तंबाखू दुसऱ्या देशात नेताना पुन्हा कर नाही, असा नियम झाला. अट एवढीच की माल स्वतःच्या उपयोगाचा असावा आणि स्वतः बरोबर आणलेला असावा. कॅलेची तंबाखू लंडनच्या मानाने पुष्कळच स्वस्त. तेव्हा लोक रिकाम्या मोटारी घेऊन जात आणि भरून आणीत, यात नवल नव्हते. ८०० सिगारेटींचा आकडा ब्रिटनने ठेवला होता, पण तो हद्दीचा नव्हे, संशयाचा. त्यापलीकडे गेल्यास माल स्वतःचाच असल्याची खात्री प्रवाशाने पटवून द्यावयाची. महिनोगणती पुरेल एवढी तंबाखू आपण एकटेच ओढणार, हे मनुष्याने सिद्ध करावे तरी कसे?

शब्दांचा कीस काढणारेही निघाले. लक्झेंबर्गच्या दुकानातून दलालामार्फत घरबसल्या सिगारेटी मागविण्याची एक शक्कल निघाली. विकत घेणारा मी, मग आणणारा दुसरा असला म्हणून काय बिघडले, असा तिचा युक्तिवाद. १९९८ साली युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. ज्याची तंबाखू त्यानेच वाहिली पाहिजे.

खरी अडचण याहून घरगुती होती. भाऊ फ्रान्सला निघाला म्हणजे बहीण म्हणते, माझ्यासाठीही चार खोके आण, आणि हातावर पैसे ठेवते. भावाने तेच खोके भेट म्हणून दिले असते तर कायद्याची हरकत नव्हती. त्याने मूळ किंमत घेतली, फार काय, वाटखर्चाचे पैसे घेतले, तरी तो व्यापारी ठरे! ज्याने एका पैशाचा नफा घेतला नाही, त्याची मोटार आणि टोळीने माल आणणाऱ्याची मोटार एकाच न्यायाने जप्त होई. आपल्याकडे चंची पुढे करताना कोणी हिशेब ठेवीत नाही. त्या लोकांस मात्र बहिणीचा हिशेब जकातीच्या कचेरीत मांडावा लागला.

२००२ साली लंडनच्या अपील न्यायालयाने अशाच एका प्रकरणात खात्याचे कान उपटले. आप्तांसाठी मूळ किमतीत आणणारा आणि नफ्यासाठी आणणारा यांत भेद केलाच पाहिजे, आणि शिक्षा अपराधाच्या मानाने असावी, असे त्याचे म्हणणे पडले. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने पुराव्याचा भार प्रवाशावर टाकण्याची पद्धतही अवैध ठरविली. मग ८०० चा आकडा ३,२०० वर गेला. २०११ साली तो पुन्हा ८०० वर आला.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये जुना २०० चा आकडा परतला. सिगारेटींऐवजी २५० ग्रॅम तंबाखू किंवा ५० चिरूट चालतात. सतरा वर्षांखालील मुलांस सूट नाही, आणि मर्यादा ओलांडली तर वरच्या मालावरच नव्हे, सबंध तंबाखूवर कर बसतो. सूट म्हणजे आता आरोग्याचेही प्रकरण झाले आहे. हाँगकाँगने २०१० साली ती १९ सिगारेटींवर आणली. वीसच्या पाकिटातील एक बंदरावरच सोडावी लागते!

लंडनहून मुंबईस येणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक फरक विसरू नये. भारतात २०० ची सूट २०१४ साली निम्मी झाली. माणशी १०० सिगारेटी, नाहीतर २५ चिरूट, नाहीतर १२५ ग्रॅम तंबाखू, एवढीच मुभा आहे. विजेरी सिगारेटींच्या आयातीस तर २०१९ पासून बंदीच आहे. विमानतळावरील दुकानात मात्र पुष्कळदा २०० चाच खोका पुढे केला जातो, आणि पुण्याच्या काकांसाठी तो हौसेने घेतलाही जातो. त्यातील पाच पाकिटे मुंबईच्या धक्क्यावर काकांची राहत नाहीत. ती जकातीची होतात.