पक्षिशास्त्रज्ञाचे गोत्र



थोर शास्त्रज्ञाचे चरित्र वाचताना आपली दृष्टी त्याच्या बुद्धिवैभवावर आणि शोधांवर खिळून राहते. परंतु ज्यांच्या सहवासात ती बुद्धी आकारास आली आणि ज्यांच्या संग्रहांवर तिची नजर घडली, त्या मंडळींचे स्मरण आपण क्वचितच करतो. डॉ. सालीम अली यांच्या चरित्राच्या आधारे माझे आज इतकेच प्रतिपादन आहे, की शास्त्रज्ञ ही जशी व्यक्तीच्या तपश्चर्येची, तशीच एका समाजाच्या औदार्याचीही कमाई असते.

त्या समाजाची कहाणी सालीम अलींच्या आधीपासून सुरू होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय वैद्य होते, ही गोष्ट आपण अभिमानाने ध्यानात ठेवावी. पैकी पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि दुसरे वनस्पतिशास्त्राचे व्यासंगी. त्यांच्या जोडीला होते साताऱ्यात जन्मलेले आणि जकात व मीठ खात्यात चाकरी करणारे एडवर्ड एटकेन. पुढल्याच वर्षी हर्बर्ट फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने फोर्टातील आपल्या दुकानाची एक खोली सोसायटीच्या हवाली केली, आणि १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले. यांपैकी कोणाचाही चरितार्थ प्राणिशास्त्रावर चालत नव्हता. परंतु दूरदूरच्या मुलुखांतील वनाधिकारी, लष्करी अंमलदार आणि चहामळेवाले आपापल्या नोंदी आणि नमुने पाठवू लागले, तेव्हा हौसेचे रूपांतर शिस्तीत झाले. पक्ष्याच्या कातड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर स्थळ, तारीख आणि संग्राहकाचे नाव नसेल, तर ते कातडे केवळ शोभेची वस्तू ठरते. त्या तीन नोंदी असल्या, म्हणजे तेच कातडे एखाद्या जातीच्या प्रदेशपरत्वे होणाऱ्या बदलांचा भरवशाचा दस्तऐवज बनते.

१९०८ च्या सुमारास दहा-बारा वर्षांचा एक मुलगा, स्वतः छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या कंठाची चिमणी आणि मामांचे शिफारसपत्र घेऊन, या सोसायटीच्या दारी आला. सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड हे कामात गढलेले गृहस्थ. तरीही त्यांनी पक्षी ओळखला, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. त्या मुलाची योग्यता त्यांनी विचारली नाही. त्याचे कुतूहल हीच त्यांनी पुरेशी सनद मानली.

पुढे हाच योग्यतेचा प्रश्न त्या मुलाच्या, म्हणजे सालीम अलींच्या, आड आला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. पुढे मुंबईच्या संग्रहालयात नोकरी लागल्यावर त्यांनी बर्लिनचा मार्ग धरला. तेथील संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्याभोवती तरुण अभ्यासकांचे एक तेजस्वी वर्तुळ जमले होते, आणि त्या वर्तुळात मेलेल्या पक्ष्याच्या मोजमापाइतकेच जिवंत पक्ष्याच्या वर्तनालाही महत्त्व होते. १९३० मध्ये ते परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची नोकरीच पैशांअभावी रद्द झालेली. बेकारीच्या त्या दिवसांत अलिबागजवळील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धेमुर्धे विणतो, मादी येऊन त्याची पारख करते, पसंत पडले तर त्याचा ताबा घेते, आणि ती अंडी उबवीत असता नर दुसऱ्या मादीसाठी नवे घरटे आरंभतो, असा त्या संसाराचा क्रम त्यांनी उलगडला. बर्लिनने दिलेली दृष्टी, कोकणातले झाड आणि मुंबईचे नियतकालिक यांचा हा संगम होता; कारण हा वृत्तांत प्रसिद्ध झाला तो सोसायटीच्याच अंकात.

सोसायटीच्या या ऋणाची फेड त्यांनी आयुष्यभर केली. स्वातंत्र्यानंतर सोसायटी आर्थिक विवंचनेत सापडली असता त्यांनी पंडित नेहरूंपर्यंत जाऊन तिच्यासाठी साहाय्य मिळविले. आणि डिलन रिप्ली यांच्यासमवेत भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा जो महाग्रंथ त्यांनी सिद्ध केला, त्याच्या पानापानांत अनेक पिढ्यांच्या अप्रसिद्ध संग्राहकांचे श्रम जिरलेले आहेत.

श्रोतेहो, प्रतिभा निर्माण करणे कोणत्याही संस्थेच्या हाती नसते. परंतु ती दारी आली असता तिला ओळखणे, तिच्यापुढे आपले संग्रह मोकळे करणे आणि तिच्या लहानशा निरीक्षणालाही छापील जागा देणे, एवढे मात्र संस्थेच्या हाती निश्चित असते. आपल्या प्रत्येक तालुक्यात शाळा आहे, ग्रंथालय आहे, आणि सभोवती रान, माळ, तळे वा खाडी आहे. तेथील चार शिक्षकांनी आणि दोन डॉक्टरांनी एकत्र येऊन स्थळ-तारखेसह नोंदवही ठेवावी, नमुने जपावेत, आणि विचारणाऱ्या मुलाला केव्हाही विन्मुख पाठवू नये. आठ गृहस्थांनी याहून अधिक भांडवलावर आरंभ केला नव्हता, आणि आरंभ करण्यास आपल्यालाही याहून अधिकाची गरज नाही.