वाशीमच्या चौदा जागा आणि मोजणीचा प्रश्न



वाशीम जिल्हा परिषदेची सदस्यसंख्या ५२. त्यांपैकी १४ सदस्यांची निवड ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाने रद्दबातल ठरली. या सदस्यांपैकी कोणी गैरवर्तनामुळे अपात्र ठरले नव्हते, की मतमोजणीत काही दोष निघाला होता असेही नाही. ७ जानेवारी २०२० रोजी मतदारांनी त्यांना रीतसर निवडून दिले होते. त्या जागा नागरिकांच्या मागासवर्गासाठी राखलेल्या होत्या, आणि हे आरक्षण ज्या मोजणीवर उभे असावयास हवे होते ती मोजणीच झालेली नव्हती.

विकास किसनराव गवळी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ओळखला जाणारा हा निर्णय पुढे साऱ्या राज्याच्या स्थानिक निवडणुकांना कलाटणी देणारा ठरला. वाद मात्र वाशीम, अकोला, नागपूर, भंडारा आणि गोंदिया या विदर्भातील जिल्ह्यांच्या आरक्षणाचा होता. त्याचे मूळ समजून घ्यावयाचे तर फार मोठे कायदेज्ञान लागत नाही. शाळेतील बेरीज पुरेशी आहे.

अनुसूचित जाती व जमातींसाठी जागा राखावयाच्या त्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, असे संविधानाने घालून दिले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार वाशीम जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के आणि जमातींचे सुमारे ७ टक्के आहे. ही बेरीज २६ होते. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ च्या कलम १२(२)(क) मध्ये नागरिकांच्या मागासवर्गासाठी सरसकट २७ टक्के ठरलेले होते. ते मिळविले की बेरीज ५३ वर जाते, आणि ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. सिंधुदुर्गात अनुसूचित जाती-जमाती मिळून आठ टक्केही नाहीत. तेथे २७ टक्के सहज सामावतात. याउलट नंदुरबारात लोकसंख्येचा दोन तृतीयांशाहून मोठा भाग आदिवासी आहे. तेथे त्यांच्याच प्रमाणाने मर्यादा संपते. एकच आकडा तिन्ही जिल्ह्यांना लावण्यात आला होता, आणि तो त्या त्या जिल्ह्याच्या मोजणीतून आलेला नव्हता.

तथापि प्रश्न केवळ मर्यादा ओलांडण्याचा असता तर वाशीमच्या दोन-तीन जागांवर निभावले असते. सर्व १४ जागा गेल्या त्या निराळ्या कारणाने. के. कृष्णमूर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० सालीच सांगून ठेवले होते की, शिक्षणातील व नोकरीतील मागासलेपण आणि राजकीय प्रतिनिधित्वातील मागासलेपण या एकच गोष्टी नव्हेत. गवळी प्रकरणात त्याच्याच आधारे तीन अटी स्पष्ट करण्यात आल्या. स्वतंत्र आयोगाने मागासलेपणाची पाहणी करावी, प्रत्येक स्थानिक संस्थेपुरते प्रमाण वेगळे ठरवावे आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवावे. २०१० ते २०२१ या अकरा वर्षांत राज्यात अनेक निवडणुका झाल्या, पण पहिल्या दोन अटींची पूर्तता झाली नाही. या दिरंगाईचा दोष कोणा एका पक्षाच्या शासनावर टाकता येणार नाही, हेही नमूद केले पाहिजे.

सहा जिल्ह्यांतील ८५ गटांत व १४४ गणांत ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणुका झाल्या. वाशीमच्या वाट्याला १४ गट आणि २७ गण होते. जागा खुल्या झाल्या होत्या. बहुतेक पक्षांनी तेथे मागासवर्गीय उमेदवारच उभे करण्याची भूमिका जाहीर केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. परंतु पक्षाच्या सद्भावनेवर मिळालेली उमेदवारी आणि कायद्याने मिळालेली जागा यांत अंतर आहे, ते मानोऱ्याच्या तांड्यावरील कार्यकर्त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

यानंतर माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला व त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. मतदारयाद्यांतील आडनावांवरून जातींचे अनुमान काढल्याबद्दल या अहवालावर मोठी टीका झाली. वाशीमकरांना या टीकेचे मर्म चटकन कळेल. या जिल्ह्यात चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे मराठा कुटुंबांत आहेत, बंजारा तांड्यांवर आहेत आणि इतर समाजांतही आहेत. पोहरादेवी परिसरातील एखाद्या गावाची मतदारयादी समोर ठेवून केवळ आडनावावरून विमुक्त जातीचे मतदार वेगळे काढावयाचे म्हटले तर गावचा पोलीसपाटीलही गोंधळेल, मग दूरच्या कचेरीतील गणकाची काय कथा!

या वादांत काळ मात्र थांबला नाही. मार्च २०२२ मध्ये राज्यातील २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तेथे प्रशासक आले. वाशीमच्या परिषदेची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. संविधानाच्या अनुच्छेद २४३ ङ नुसार मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावयास हवी. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि आरक्षण बांठिया अहवालापूर्वीच्या स्थितीप्रमाणे ठेवण्यास सांगितले. म्हणजे सरसकट २७ टक्के परत आले, आणि त्यांच्याबरोबर ती जुनी बेरीजही परत आली. जानेवारी २०२६ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने १२ जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर केला तो आरक्षण ५० टक्क्यांच्या आत असलेल्या जिल्ह्यांचा. त्यांत वाशीम नव्हते.

प्रशासकाच्या काळात कामे बंद पडत नाहीत, हे खरे. शाळा भरतात, आरोग्य केंद्रे चालतात. परंतु प्रस्ताव मांडणारा आणि त्याला सर्वसाधारण सभेच्या नावाने मान्यता देणारा अधिकारी एकच असतो. शेजारच्याच पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक यांच्या समितीच्या अहवालावरून १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्या नेमके हे होऊ नये म्हणून. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून असलेल्या वाशीमला सभागृहात उभे राहून ‘आमच्या गटातील नळयोजना का रखडली’ असे विचारणारा सदस्य अधिकच हवा आहे.

मोजणीची पुढची मोठी संधी येत्या जनगणनेची आहे. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा निश्चित करण्यात आला असून १९३१ नंतर प्रथमच तीत सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय आहे. येथे २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात पाहणीचा अनुभव आठवावा. महाराष्ट्रात अनुसूचित व मागास म्हणून अधिसूचित जातींची संख्या ४९४ असताना त्या पाहणीत ४ लाख २८ हजारांहून अधिक जातिनामे नोंदली गेली, असे केंद्र शासनाने सर्वोच्च न्यायालयास सांगितले. एकच जात कोठे पोटजातीने, कोठे आडनावाने, कोठे वेगळ्या ऱ्हस्व-दीर्घाने लिहिली गेली. बंजारा, गोर बंजारा, लमाण, लभाण ही नावे एकाच कुटुंबातील तीन पिढ्या वेगवेगळी सांगू शकतात.

प्रगणक म्हणून घरोघर जाणार ते बहुधा प्राथमिक शिक्षकच. त्यांना शासनाच्या अधिसूचित यादीची प्रत आधी मिळाली, ग्रामपंचायतीने सभेत आणि तांड्यावर जाऊन त्या यादीतील नेमके नाव कोणते हे लोकांना वाचून दाखविले, आणि ऊसतोडीला वा वीटभट्टीवर बाहेरगावी गेलेल्या कुटुंबांची नोंद कोठे व्हावयाची हे तहसील कार्यालयाने वेळीच स्पष्ट केले, तर पुढच्या आयोगापुढे आडनावांच्या यादीऐवजी प्रत्यक्ष आकडे ठेवता येतील.