बंपरचा रंग आणि निर्मलची बाहुली



अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांचा बंपर पोलादी असे व त्यावर क्रोमचा झगझगीत मुलामा असे. त्याला रंग देण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. आजचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा आणि गाडीच्याच रंगाचा असतो. त्यामुळे फाटकाला निसटता घासला तरी ओरखडा डोळ्यांत खुपतो. आदिलाबादहून पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर मालमोटारींच्या चाकांखालून उडणारी खडी तर टवके काढावयास टपलेलीच असते. अशा वेळी बाजारातून फवाऱ्याचा डबा आणून घरीच रंग द्यावा, हा विचार अनेकांच्या मनात येतो, आणि तो वावगा नाही.

या विद्येचे गुरुकुल आपल्या शेजारीच आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होईपर्यंत निर्मल आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. तेथील नकाशी कारागीर पोणिकीच्या हलक्या लाकडाची खेळणी घडवितात. चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवावयाचे, ते वाळू द्यावयाचे, घासून गुळगुळीत करावयाचे, वर अस्तर चढवावयाचे, आणि मग कोठे कुंचला हाती घ्यावयाचा, असा तो क्रम. पूर्वी हे रंग वनस्पती व खनिजे यांपासून करीत. पुढे त्यांची जागा ड्यूकोने घेतली. ड्यूको हा मूळचा मोटारींचा रंग. अमेरिकेत १९२३ साली ओकलंड गाड्यांवर तो प्रथम आला आणि रंग वाळण्याचे काम दिवसांवरून तासांवर आले. मोटारीचा रंग बाहुलीने उचलला. आता बाहुलीच्या कारागिराची शिस्त मोटारवाल्याने उचलावयास हरकत नसावी.

कारण घरच्या रंगाचे अपयश रंगात क्वचितच असते, ते पूर्वतयारीत असते. प्रथम साबणाच्या पाण्याने धुवावे आणि मेण व तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसावे. घासण्यापूर्वीच हे करावयाचे, नाहीतर मेणच ओरखड्यांत रगडले जाते. मग पाणकागदाने टवक्याच्या कडा इतक्या उतरवाव्यात की बोट फिरविले असता पायरी लागू नये. जेथे जुना रंग शाबूत आहे, तेथे त्याची चमक मारली की पुरे. मात्र जेथे उघडे प्लॅस्टिक दिसते, तेथे प्लॅस्टिकसाठीचे निराळे अस्तर अगोदर हवेच. पॉलिप्रॉपिलीनला कशाशीच सलगी करावयास आवडत नाही. हे अस्तर वगळले, तर रंग पहिल्या पावसाळ्यानंतर पापुद्र्यांनी सुटू लागतो आणि दोष बिचाऱ्या डब्याला दिला जातो. बंपरच्या आतल्या बाजूस ‘पीपी’ ही रोमन अक्षरे उठविलेली असतात, ती पाहून खात्री करून घ्यावी.

डबा दोन मिनिटे हलवावा आणि एक हात जुन्या पुठ्ठ्यावर मारून पाहावा. वीत-सव्वा वीत अंतर ठेवावे. हात चालू झाल्यावर कळ दाबावी आणि कड ओलांडल्यावर सोडावी. पहिला हात इतका विरळ की खालचे दिसत राहावे. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. घाईने जाड थर दिला की ओघळ आलाच! रंग चंदेरी जातीचा असेल, तर मधल्याच ठिगळावर थांबू नये, संपूर्ण बंपर रंगवावा. त्यातील धातूचे कण कसे पडतात यावर छटा ठरते, आणि ठिगळ उठून दिसते.

आपल्याकडे ऋतूचेही भान हवे. मे महिन्याच्या उन्हात थेंब वाटेतच वाळतो आणि पृष्ठ खरखरीत होते; श्रावणातल्या दमट हवेत चमक मरते, त्यावर पांढुरका धूर बसल्यासारखा दिसतो. दिवाळी उलटल्यापासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. नाताळच्या सुट्टीतली कोवळी उन्हे पसरलेली दुपार तर या कामासाठीच असावी.

शेवटच्या पारदर्शक लेपाबाबत मात्र मी स्पष्ट बोलेन. डब्याच्या बुडाची कळ दाबून आत कठीणक मिसळावयाचा जो दोन घटकांचा लेप मिळतो, तो टणक असतो खरा. परंतु त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो, आणि धुळीसाठी बांधलेला फडका वा साधा मुखपट्टा त्याला अडवीत नाही. ज्या अंगणात मुले खेळतात तेथे तो फवारू नये. ते काम योग्य साधने असलेल्या कारागिराकडेच सोपवावे. एका घटकाचा लेप पेट्रोलने खराब होतो, पण पेट्रोलचे तोंड बंपरवर नसते. साधा डबादेखील मोकळ्या हवेत, चूल व विडीपासून दूरच वापरावा. त्यातील वायू पेट घेतो.

आणि आणखी एक. बंपरचे हे बाहेरचे कातडे असते. धक्का झेलणारा आडवा दांडा त्याच्या आत असतो. बंपर बसविण्याच्या खुंट्या तुटल्या असतील किंवा आतला दांडा वाकला असेल, तर अगोदर ते दुरुस्त करून घ्यावे. वरून रंग देऊन गाडी विकावयास काढणे हा पुढच्या मालकाच्या जिवाशी खेळ आहे. मागे अंतर मोजणारी यंत्रे बसविलेली असतील, तर रंगकामापूर्वी ती काढून ठेवावीत. त्यांच्यावर जाड थर बसला, तर ती मुकी होतात.

उरलेला डबा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. पन्नास अंशांवर तो तापू देऊ नये, असे त्याच्यावरच छापलेले असते, आणि आमच्या वैशाखात बंद गाडी त्याच्याही पुढे जाते.