जे घडू दिले नाही



ज्याची नोकरीची सारी वर्षे धुळे आणि जळगाव येथील महसुली कचेऱ्यांत फेरफार आणि आणेवारी यांच्या सान्निध्यात गेली, आणि कचेरीबाहेरचा ज्याचा वेळ तरुणपणापासून फुटबॉलच्या मैदानाने घेतला, अशा मला आपण या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास अगत्याने पाचारण केलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मघाशी वार्षिक अहवालाचे वाचन चालले असता क्रीडाविभागाच्या परिच्छेदापाशी माझे चित्त थबकले. आपल्या फुटबॉल संघातर्फे कोणी किती गोल केले, ते त्यात नावनिशीवार आले. परंतु आपल्यावर गोल होऊ नये म्हणून जे चौघे पाठीमागे उभे राहिले, त्यांच्यापैकी एकाचाही नामोल्लेख त्यात नव्हता. हा अहवाल लिहिणाऱ्यांचा दोष आहे असे मी मानत नाही, कारण साऱ्या जगाची दप्तरे याच रीतीने लिहिली जातात. रावेर-यावलकडच्या केळीबागायतदारांच्या घरची मुले येथे बसली आहेत, त्यांना बागेच्या कडेने लावलेली शेवरी ठाऊक आहे. वैशाखातला तप्त वारा ती अंगावर घेते म्हणून आतली केळ उभी राहते, पण बाजारात काट्यावर चढतो तो केळीचा घडच. बचावपटूचे जिणे त्या शेवरीचे आहे, आणि म्हणूनच आज मी एका मराठी बचावपटूविषयी बोलणार आहे.

त्यांचे नाव राहुल भेके. ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेले हे गृहस्थ, क्रिकेटच्या त्या राजधानीत राहून फुटबॉलच्या वाटेला गेले, मुंबईच्या क्लबांतून खेळले, कोलकात्यात ईस्ट बंगालची चाकरी करून पुढे बंगळूरूच्या संघात स्थिरावले. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईतच झालेल्या इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, नियमित वेळेत गोव्याच्या संघाशी बरोबरीच राहिल्यानंतर, जादा वेळ संपत आला असता कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोके लावून बंगळूरूला विजेतेपद मिळवून दिले ते यांनीच. तरीही देशाचा गणवेश अंगावर चढला तो त्यानंतर, त्याच वर्षीच्या जून महिन्यात, थायलंडमधील किंग्ज चषक स्पर्धेत, वयाच्या २९व्या वर्षी! ज्या वयात पुष्कळ खेळाडू निवृत्तीचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सुरू झाली, ही गोष्ट येथल्या विसाव्या वर्षीच हताश होणाऱ्या मुलांनी जरूर ध्यानात घ्यावी.

आता मी दोहा येथील दोन सामन्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगतो, कारण माझ्या मते या कारकिर्दीचे मर्म तेथेच आहे. १० सप्टेंबर २०१९ रोजी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी, त्याच वर्षी आशियाचे विजेतेपद पटकावणाऱ्या संघाशी, त्याच्याच भूमीवर पडली. कर्णधार सुनील छेत्री आजारी असल्यामुळे आघाडीचा मुख्य आधारच नाहीसा झालेला. अशा स्थितीत गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांच्या नेतृत्वाखाली संदेश झिंगन, आदिल खान, गोव्याचे मंदार राव देसाई आणि उजव्या बाजूस भेके अशी बचावफळी उभी राहिली, आणि लाटेमागून लाट यावी तशा येणाऱ्या हल्ल्यांना तोंड देत तिने नव्वद मिनिटे एकही गोल होऊ दिला नाही. शून्य-शून्य! कागदावर ज्या सामन्यात काहीच घडले नाही असे दिसते, तो भारतीय फुटबॉलच्या अलीकडील इतिहासातील सर्वांत गौरवास्पद सामन्यांपैकी एक आहे, असे मी जबाबदारीने सांगतो.

पुढे ३ जून २०२१ रोजी, त्याच दोहा शहरात, त्याच कतारविरुद्ध भेके पुन्हा उतरले. या वेळी सामन्याच्या १७व्या मिनिटाला, चेंडू हाताने अडवल्याबद्दल पंचांनी त्यांना दुसरे पिवळे कार्ड आणि लागलीच लाल कार्ड दाखवले, आणि उरलेला सारा सामना भारताला दहा जणांनिशी खेळावा लागला. एका गोलाने पराभव झाला. आघाडीच्या खेळाडूने दहा संधी दवडल्या तरी अकरावी साधली की लोक साऱ्या विसरतात. बचावपटूच्या वाट्याला ही सवलत येत नाही, त्याची नव्वद मिनिटांची चोख कामगिरी निनावी राहते आणि एका क्षणाची चूक मात्र त्याच्या नावावर कायमची दाखल होते. हा अन्याय आहे, असे मला कळकळीने वाटते.

मग या माणसाने काय केले? आपल्या जागी पुन्हा उभे राहण्याचे काम त्याने चालू ठेवले. एप्रिल २०२२मध्ये रियाध येथे, आता मुंबई सिटी या क्लबाकडून खेळताना, इराकच्या हवाई दलाच्या संघाविरुद्ध त्यांनी हेडरने विजयी गोल केला, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने मिळवलेला तो पहिलाच विजय ठरला. मे २०२४मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबई सिटीने इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तेच होते. दरम्यान जानेवारी २०२४च्या आशियाई चषकात, पुन्हा कतारमध्येच, ते भारताच्या बचावफळीच्या मध्यभागी उभे होते. ऑस्ट्रेलियाला पूर्वार्धभर रोखले, परंतु तिन्ही सामने आपण हरलो, हे लपवण्याचे कारण नाही.

देशासाठी त्यांचा पहिला गोल झाला १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबादेत मलेशियाविरुद्ध, म्हणजे चौतीस वर्षे पुरी होण्यास अठरा दिवस उरले असताना! पुढील मार्चमध्ये शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्यांनी पुन्हा गोल केला, आणि नोव्हेंबर २०२३पासून विजयाला पारखा झालेला भारत ३-० असा जिंकला. ८ सप्टेंबर २०२५ रोजी ताजिकिस्तानातील हिसोर येथे, क्रमवारीत आपल्याहून पुष्कळ वर असलेल्या ओमानशी एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी झालेली लढत पेनल्टींवर गेली, तेव्हा चेंडू ठेवून गोलरक्षकासमोर उभे राहण्याची जोखीम ज्यांनी पत्करली, त्यांत भेके होते. त्यांची पेनल्टी जाळ्यात गेली आणि भारत जिंकला.

प्राचार्य महोदय, आपल्या अनुमतीने मी एक विनंती करतो. या वर्षापासून महाविद्यालयाच्या संघातील उत्कृष्ट बचावपटूस एक वार्षिक पारितोषिक द्यावे. त्यासाठी लागणारी रक्कम मी आजच आपल्या स्वाधीन करीत आहे. निवड करताना गोलांचा तक्ता पाहू नये. संघाच्या गोलरक्षकाला बोलावून, त्याच्यासमोर कोण किती वेळा आडवा आला, याची जबानी घ्यावी, आणि तो सांगेल ते नाव पुढील वर्षीच्या अहवालात आघाडीच्या खेळाडूंच्या बरोबरीने छापावे.