पाण्यावरची पाटी



विहिरीवर, हातपंपावर अगर सार्वजनिक नळावर ‘हें पाणी पिऊं नये’ अशी जी पाटी लावण्यांत येते, तिच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. विषय लहान वाटेल. परंतु जुन्या लेखनपद्धतींत ‘वाचणें’ आणि ‘वांचणें’ या दोन क्रियापदांत केवळ एका अनुस्वाराचें अंतर होतें, हें ध्यानांत आणलें म्हणजे त्याचें महत्त्व कळूं लागतें. ही पाटी ज्याला वाचतां येते तो वांचतो. ज्याला ती वाचतां येत नाहीं त्याचें काय, हा आजचा प्रश्न आहे.

आमचा जालना जिल्हा तेव्हांच्या औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग मिळून १ मे १९८१ रोजीं अस्तित्वांत आला. भाषेच्या दृष्टीनें मात्र हा मुलूख पूर्वीपासूनच बहुरंगी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यांत होता. घरांत मराठी आणि कचेरींत उर्दू अशी प्रजेची दुहेरी रीत होती. त्या राज्याच्या नोटेवर उर्दू व इंग्रजीच्या जोडीला मराठी, तेलुगु आणि कानडी अक्षरेंही छापलेलीं असत. रुपयाची किंमत सर्वांस कळावी म्हणून जी दक्षता घेतली गेली, ती प्राणाच्या बाबतींत कमी कां असावी?

‘जालना सोने का पालना’ ही आमच्या गांवाची म्हणच मुळीं मराठी वळणाची नाहीं. जुन्या वस्तींत आजही उर्दू ऐकूं येते. तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. आणि पोलादाच्या कारखान्यांत बिहार व उत्तर प्रदेशांतून आलेले मजूर आपली हिंदी व भोजपुरी घेऊन राबत असतात. पाण्याचा इतिहासही असाच ओढाताणीचा आहे. एके काळीं मोती तलावाचें पाणी शहराच्या उपयोगीं पडलें, पुढें घाणेवाडीच्या तलावानें तहान भागविली, आणि आतां जायकवाडीहून गोदावरीचें पाणी आणलें जातें. तरीही २०१२-१३ च्या दुष्काळांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याची पाळी आली, हें आपणांपैकीं अनेकांस स्मरत असेल. टंचाईंत मनुष्य पाण्याची प्रत पाहत नाहीं. मिळेल तें भरतो. पाटीची खरी कसोटी अशा वेळीं लागते.

प्रथम पाटीवर काय लिहावें, हें पाहूं. ‘सदर जलस्रोताचें पाणी पिण्यास अयोग्य असल्याचें निदर्शनास आलें आहे’ अशा थाटाचीं वाक्यें सरकारी लेखणीस प्रिय असतात. त्यांत माहिती आहे, पण उपदेश नाहीं. पाण्याचे मुख्य दोष दोन प्रकारचे. पहिला जंतूंचा. पटकी, विषमज्वर, कावीळ हे रोग त्यांतून उद्भवतात, आणि पाणी खळखळ उकळणें हा त्यावर घरगुती उपाय आहे. दुसरा दोष विरघळलेल्या क्षारांचा. जसें नायट्रेट किंवा फ्लोराइड. शेतांतील खतें व मलमूत्र झिरपून नायट्रेट भूजलांत उतरतें. भारतीय मानकाप्रमाणें एका लिटरांत त्याचें प्रमाण ४५ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आणि पाणी गोड लागलें म्हणजे चांगलें, ही जिभेची जुनी परीक्षा येथें फसते. हें पाणी उकळल्यानें सुधारत नाहीं. पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागें उरतो, म्हणजे प्रमाण उलट वाढतें. सहा महिन्यांच्या आंतील ज्या बाळाचें वरचें दूध अशा पाण्यांत कालविलें जातें, त्याच्या रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति कमी होते व अंग निळसर पडूं लागतें. पाटीवर ‘दूषित’ एवढाच शब्द वाचून आई मोठ्या काळजीनें पाणी उकळते, आणि जें टाळावयाचें तेंच तिच्या हातून घडतें. म्हणून पाण्यांत दोष कोणता, उकळून चालेल कीं नाहीं, आणि चांगलें पाणी कोठें मिळेल, या तीन गोष्टी पाटीनें सांगितल्याच पाहिजेत.

नुसती मनाई पुरत नाहीं, याला आणखी एक कारण आहे. पाणवठ्यावरची मनाई आपल्या समाजांत फार जुनी आहे. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला, तो अशाच एका मनाईविरुद्ध. ज्यांच्या वाडवडिलांनीं पिढ्यान् पिढ्या ‘येथें पिऊं नका’ हेंच ऐकलें, त्यांना कारण न सांगतां तेंच वाक्य पुन्हा ऐकविलें तर मनांत संशय येणें स्वाभाविक आहे.

आतां भाषेचा प्रश्न. राज्यकारभाराची भाषा मराठी, तेव्हां पाटीवर मराठी अग्रभागीं असावी, हें निर्विवाद आहे. परंतु मराठी आणि हिंदी यांची लिपि एक, म्हणून हिंदी वाचणाऱ्याला आपली पाटी समजेल, ही समजूत धोक्याची आहे. ‘पिऊं नये’ यांतील ‘नये’ हा शब्द हिंदींत ‘नवे’ या अर्थीं येतो! ज्या एका शब्दांत सारा निषेध सांठविला, तोच परक्या वाचकाला चकवितो. उर्दू शाळेंत शिकलेल्याला तर लिपीपासूनच अडचण.

दुसरी भाषा लिहिणें कायद्याला धरून आहे काय, अशी शंका कोणी घेईल. अकोला जिल्ह्यांतील पातूर नगरपरिषदेच्या नामफलकावर मराठीच्या जोडीला उर्दूंत नांव होतें, त्यास हरकत घेण्यांत आली होती. १५ एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती अमान्य केली. स्थानिक संस्थांच्या मराठी कारभाराविषयींच्या २०२२ च्या कायद्यांत जोडीला दुसरी भाषा लिहिण्यास मनाई नाहीं, आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. नांवाच्या पाटीला जी मुभा आहे, ती धोक्याच्या पाटीला कां नसावी?

हा दोष केवळ आपल्याकडचाच नव्हे. अमेरिकेंतील फ्लिंट शहरांत एप्रिल २०१४ मध्यें पाण्याचा उगम बदलला आणि नळांतून शिसें येऊं लागलें. सूचना बराच काळ इंग्रजींतच राहिल्या; त्यामुळें स्पॅनिश बोलणाऱ्या कित्येक कुटुंबांना ही बातमी फार उशिरां कळली. इंग्रजी न जाणणारे जेथें मोठ्या संख्येनें राहतात तेथें त्यांच्या भाषेंतही सूचना द्यावी, असा नियम त्या देशांत आधींपासून होता!

राहिले ते निरक्षर. त्यांच्यासाठीं आपल्या पूर्वजांनीं दवंडी काढली होती. तिला अक्षर लागत नसे, पण ती वाडीवस्तींत शिरत असे. आजचा ध्वनिवर्धक व भ्रमणध्वनि तेंच काम करूं शकतात. दुसरा मार्ग रंगाचा. बांगलादेशांत आर्सेनिकच्या तपासणीनंतर वाईट कूपनलिकांना तांबडा व चांगल्यांना हिरवा रंग देण्यांत आला. आपल्या राज्यांतही पाण्याच्या स्वच्छतेच्या सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळें व हिरवें कार्ड मिळतें. परंतु तें कार्ड कचेरींत राहतें. हंडा घेऊन आलेल्या बाईला त्याचा रंग दिसत नाहीं. तो रंग पंपाच्या दांड्यावर उतरला पाहिजे. शिवाय पाटीवर तारीख हवी, आणि पाणी सुधारतांच ती काढलीही पाहिजे. वर्षानुवर्षें तशीच लोंबणारी पाटी लोकांना पाट्यांकडे दुर्लक्ष करावयास शिकविते.

शेवटीं आपणां सुशिक्षित कुटुंबांस एक विनंति. आपल्या घरीं कामास येणारी बाई, शेजारच्या बांधकामावरचा मजूर, यांना अशी सूचना आपण वाचून दाखवावी. मात्र ‘समजलें ना?’ असें विचारूं नये. शाळेंत चाळीस वर्षें मीं पाहिलें आहे कीं, या प्रश्नाला सारा वर्ग ‘हो’ म्हणतो. ‘आतां घरीं गेल्यावर पाण्याचें काय करशील?’ असें विचारावें, आणि उत्तर बरोबर येईपर्यंत पुन्हा सांगावें.