घोडा आहे तसा



आयोजकांनी बजावलंय, ‘सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, घोड्यांवर बोल.’ म्हणून नोकरीबद्दल एवढंच सांगते की ती चालू आहे आणि घराचे हप्ते तीच भरते. घरून काम करायची सोय झाली तेव्हा मी कोडोलीत परत आले. गेल्या वर्षभरात शनिवार-रविवार आणि उरलेल्या रजा घोड्यांचे फोटो काढण्यात गेल्या.

‘याचे पैसे कोण देतं?’ असं आज पंगतीत चौघांनी विचारलं. वरातीला घोडी देणारे देतात, घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांचे आईवडील देतात आणि घोडा विकायला काढलेले मालक देतात. वर्षाचा हिशोब असा की लेन्सचे पैसे निघाले, कॅमेऱ्याचे अजून निम्मे बाकी आहेत.

घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त नाकासमोर आणि थेट पाठीमागे दिसत नाही. त्यामुळे तिथून जायचं नाही आणि फ्लॅश मारायचा नाही. फार जवळून काढला तर तोंड मोठं आणि धड लहान दिसतं, म्हणून लांब उभं राहून मोठी लेन्स लावायची आणि गुडघ्यावर बसायचं. कान पुढे हवेत म्हणून मी मोबाईलवर खिंकाळण्याचा आवाज लावते. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा घोडा फसत नाही.

आपल्या चित्रकलेच्या सरांना एक गोष्ट आवडेल. धावत्या घोड्याचे चारही पाय एकदम हवेत असतात का, हा जुना वाद. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी धावपट्टीलगत १२ कॅमेरे मांडून तो मिटवला. पाय खरोखर हवेत असतात, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुढे-मागे ताणलेले पाय काढत होते. सगळ्यांनी मान्य केलेलं चित्र चुकीचं होतं, कॅमेऱ्याने आहे तसं दाखवलं.

ही गोष्ट मला दत्तजयंतीच्या आधी कामी आली. तापीकाठी सारंगखेड्याला तेव्हा घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आता पुष्कळ सौदे आधी मोबाईलवरच्या फोटोवर ठरतात. घेणारा रंग पाहतो, पाय पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो. गळ्यावरचा देवमण असला तर किंमत चढते, अशुभ मानलेला भोवरा असला तर उतरते. एका मालकाने मला विचारलं, ‘मॅडम, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या. तेवढा भोवरा पुसून द्या.’

दोन मिनिटांचं काम होतं. भोवऱ्याच्या शुभाशुभावर माझा काडीचा विश्वास नाही. पण घेणाऱ्याचा आहे, आणि पैसे तो मोजणार होता. घोडा दारात उतरला की भोवरा दिसणारच. मग भांडण होतं, घोडा पडत्या किमतीत पुढच्याला, तिथून त्याच्या पुढच्याला विकला जातो. दर खेपेला ट्रक, नवा तबेला, नवा माणूस. फोटोतल्या खोटेपणाची किंमत घोडा फेडतो. मी नाही म्हटलं. ते काम गेलं, त्या मालकाच्या ओळखीतली आणखी तीन कामंही गेली.

तेव्हापासून विक्रीच्या घोड्याचे मी ठरलेलेच फोटो देते: दोन्ही बाजू, समोरून, मागून, चारही खूर, दात, भोवरे आणि तारीख. रंगात फेरफार नाही. मोसमाच्या शेवटी एक म्हातारे मालक आपल्या घोडीचे फोटो काढून घ्यायला आले. म्हणाले, ‘ताई, तुमच्या फोटोतला घोडा आणि तबेल्यातला घोडा एकच असतो म्हणे.’ त्यांनी घासाघीस केली नाही, हे कोल्हापूर जिल्ह्यात लिहून ठेवण्यासारखं आहे!

दुसऱ्या वर्षी दर थोडे वाढवणार आहे, नियम तोच ठेवणार आहे. तुमच्यापैकी कुणाकडे घोडा असेल, तर सकाळी सात ते नऊ उजेड चांगला असतो. खरारा करून ठेवा, बाकी मी बघते.