मसूर स्टेशन कुठल्या कपाटात ठेवणार?

(इस्लामपूर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय वाचनालयात ठेवण्याजोग्या, बक्षिसं मिळालेल्या चित्रकादंबऱ्यांचा. विषय सांगितल्यावर मागं दोघंतिघं हसले. हसा. गावोगाव अत्याचार चाललेत आणि हा बाबा चित्रांची पुस्तकं घेऊन आलाय, असं वाटणारच. पण जरा दम धरा.

इथनं पेठनाक्यावरनं हायवेला लागलं की कराड. कराडच्या पलीकडं मसूर. मसूरला रेल्वे स्टेशन आहे. तुमच्यातल्या किती जणांनी ते बघितलंय? आणि ज्यांनी बघितलंय त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की १९०१ च्या सुमारास त्या फलाटावर नवे सदरे, जरीच्या टोप्या घातलेली चार पोरं दीड-एक तास ताटकळत उभी होती? त्यातलं एक पोरगं भीमराव. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. सुट्टीला या म्हणून त्यांनी बोलावलेलं. पोरांनी धाडलेलं पत्र वडलांना वेळेवर मिळालंच नाही, म्हणून न्यायला कोणी आलं नाही. स्टेशन मास्तर आधी गोड बोलला. पोरं चांगल्या घरची दिसत होती ना! मग जात विचारली. पोरांनी सरळ सांगितलं, महार. मास्तर पाच पावलं मागं सरला. गाडीवाले येईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट काय? गाडी पोरांनी हाकायची आणि तो शेजारनं चालणार. कारण बाटणार कोण? तो! बैल बाटत नव्हते. वाटेत पाणी मिळालं नाही. डबा भरलेला होता, पण पाण्यावाचून तो घशाखाली उतरला नाही. रात्र तशीच काढली.

ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलीय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींत. त्या लिहिल्या १९३५-३६ च्या आसपास. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्या पुस्तिका म्हणून छापल्या १९९० साली. आपल्या शेजारच्या स्टेशनावरची गोष्ट. आणि ती चित्रात आली कधी? २०११ साली, दिल्लीच्या नवयान प्रकाशनाच्या 'भीमायना'त. काढली कुणी? दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड जोडप्यानं. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. मसूरपासून कोसभरावर राहणाऱ्या कुणा चित्रकाराला हे सुचलं नाही, ते जंगलातनं आलेल्या आदिवासी बाईला उमगलं. आपल्या कलामहाविद्यालयांतल्या लोकांनी याचा विचार करावा. करणार नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आता पुस्तक कसं आहे ते सांगतो, कारण बक्षिसाचं नाव ऐकून पुस्तक कळत नाही. कॉमिकमध्ये चौकटी असतात. या जोडप्यानं सांगितलं, आम्ही आमची माणसं चौकटीत कोंबणार नाही, त्यांचा जीव गुदमरतो. मग पानावर त्यांनी घराच्या भिंतीवर काढतात ती दिग्ना नक्षी वळवत नेली आणि त्यानंच प्रसंग वेगळे केले. चौकट म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बोलण्याचे फुगे बघा. साधं, मायेचं बोलणं पाखराच्या आकारात. जातीचं विष ओकणाऱ्याचं बोलणं विंचवाच्या नांगीचं. ज्याला अक्षर ओळखू येत नाही तोही नांगी ओळखतो! महाडला बाबासाहेब बोलतायत त्या पानावर भोंग्यातनं आवाज नाही, पाणी बरसतंय लोकांवर. चवदार तळ्याचा सत्याग्रह, २० मार्च १९२७. त्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, मी वाचलीत. त्या एका पानाइतकं मला त्यातल्या कुठल्याच पुस्तकानं धरून ठेवलं नाही.

आणि गोष्ट जुन्या काळात ठेवून हात झटकलेले नाहीत. सुरुवात आजच्या शहरातल्या बसस्टॉपवर होते. एक पोरगा राखीव जागांच्या नावानं बोटं मोडतोय आणि एक बाई त्याला हे सगळं सांगतीय. असले पोरगे तुमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये रोज भेटत असतील.

या पुस्तकाचा परदेशात गवगवा झाला. सीएनएननं उत्तम राजकीय कॉमिक पुस्तकांच्या पाचात ते घेतलं. जॉन बर्जरसारख्या माणसानं प्रस्तावना लिहिली. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली. ठीक आहे. पण मी एका वाचनालयात हे पुस्तक मागितलं तर उत्तर काय? "चित्रांची पुस्तकं बालविभागात, तिकडं बघा." बालविभागात बघितलं, तर राजे, देव, ऋषी. 'अमर चित्र कथा' १९६७ ला सुरू झाली, त्यात बाबासाहेब आले १९७९ ला. बारा वर्षं वाट बघावी लागली, तिथंही.

चित्र म्हणजे पोरखेळ, ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. आर्ट स्पीगलमन या ज्यू चित्रकारानं 'माऊस' काढलं. बाप हिटलरच्या छळछावणीतनं वाचलेला, त्याची कहाणी. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. १९९२ साली त्याला पुलित्झर दिलं, ते 'विशेष' म्हणून! पुरस्कार द्यायचा, पण वेगळ्या पाटावर बसवून. आणि २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळानं ते आठवीच्या अभ्यासातनं काढलं. पोरखेळ असता तर काढायची गरज काय पडली असती? मांजरांना उंदराचं चित्र सहन होत नाही.

आता काळ्या भावांकडं वळतो, कारण आपल्या पँथरनं १९७२ साली नाव त्यांच्याकडनंच घेतलं. जॉन लुईस हा नागरी हक्कांच्या लढ्यातला कार्यकर्ता. १९६५ साली सेल्माच्या पुलावर पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं. पुढं खासदार झाला. त्यानं अँड्रयू आयडिन आणि चित्रकार नेट पॉवेल यांच्याबरोबर 'मार्च' नावाची तीन भागांची चित्रकादंबरी केली. तिसऱ्या भागाला २०१६ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. तिथं उभं राहून हा म्हातारा रडला. काय म्हणाला? १९५६ साली सोळा वर्षांचा असताना भावंडांबरोबर गावच्या वाचनालयात कार्ड काढायला गेलो होतो. सांगितलं गेलं, वाचनालय गोऱ्यांसाठी आहे, काळ्यांसाठी नाही.

साठ वर्षांनी त्याच वाचनालयांच्या शिफारस-याद्यांत त्याचं पुस्तक. २०२० साली तो वारला.

आणखी ऐका. लुईसला हे माध्यम सुचलं कुठनं? १९५७ साली माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर एक कॉमिक निघालं होतं, किंमत दहा सेंट. ते वाचून पोरांनी अहिंसक लढ्याचं तंत्र शिकलं. दहा सेंटांचं कॉमिक! आपण पत्रकं काढतो, आठ पॉइंटात, डोळे फुटेपर्यंत बारीक, आणि म्हणतो वस्तीत कुणी वाचत नाही.

२०१२ साली शाळेच्या पुस्तकातल्या जुन्या व्यंगचित्रावरनं वादळ उठलं होतं, बाबासाहेब गोगलगाईवर आणि मागं चाबूक. चित्रं सगळी आपल्या बाजूची नसतात. उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९४८ मधली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रं गोळा केली, 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक २०१९ चं. ते यादीत हवंच. शाई कुणाच्या हातात होती, ते त्यात पानापानावर दिसतं.

'गुलामगिरी'चंही चित्रपुस्तक आहे, 'अ गार्डनर इन द वेस्टलँड', २०११ चंच. शब्द श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रं अपराजिता निनान यांची, काळी-पांढरी. जोतीबांचं मूळ गाव कटगुण, तेही खटाव तालुक्यातच. १८७३ साली जोतीबांनी आपलं पुस्तक अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करणाऱ्या लोकांना. म्हणजे जॉन लुईसशी आपला सांधा त्यांनी तेव्हाच जुळवून ठेवला होता. मात्र स्पष्ट बोलतो, हे 'भीमायना'इतकं सरळ पोचत नाही. संदर्भांची गर्दी आहे. आधी मूळ 'गुलामगिरी' वाचा, मग हे.

आणि आपला वाळवा तालुका? वाटेगाव याच तालुक्यातलं. अण्णाभाऊ शाळेत दीड दिवस टिकले. मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं बघत अक्षरं लावायला शिकले, असं सांगतात. चित्र आणि अक्षर शेजारी शेजारी, त्यातनं 'फकिरा'चा लेखक उभा राहिला. तेव्हा चित्राला खालच्या पाटावर बसवणाऱ्यांना या तालुक्यात तरी तोंड नाही. माझी आई अंगठा उठवायची. विंचवाचा फुगा तिला दाखवला असता तर बोट ठेवून म्हणाली असती, हा बोलतोय तो मास्तर.

कामाचं बोलू. आपल्याकडं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. अनुदान मिळतं, ते लोकांच्या पैशातनं, म्हणजे आपल्याही. मग खरेदीच्या यादीत आपलं नाव का नको? प्रत्येकानं आपापल्या वाचनालयात जायचं, सूचनावहीत लिहायचं: 'भीमायन' हवं, 'मार्च' हवं, 'माऊस' हवं. मराठी प्रत मिळत असेल तर ती, नाहीतर हिंदी, नाहीतर इंग्रजी. आणि खाली ठळक लिहायचं, बालविभागात नको, चरित्रांच्या कपाटात ठेवा. एकट्यानं लिहिलं तर वही मिटतात. पंधरा जणांनी लिहिलं तर समितीपुढं जावं लागतं.

इंग्रजी प्रत आली तर वस्तीत रात्री ती उघडून एकानं आपल्या बोलीत सांगत जायचं, बाकीच्यांनी चित्रं बघायची. पानं मोठी आहेत, सात-आठ जणांना दिसतात. आणि ज्याचा हात चित्रावर चालतो त्यानं वहीत मसूरचा फलाट काढून बघावा, प्रत्यक्ष जाऊन. एसटीचं भाडं आपण वर्गणीतनं देऊ.

'भीमायना'ची एक प्रत आत्ता पिशवीत आहे माझ्या. आज रात्री कोण नेतंय, हात वर करा.